रेषेची जाडी

माझं काम एवढंच : वेळ मोजायची.
हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल.
प्रत्येक पालकाला तीन मिनिटं,
मग तो रडत असो की शिव्या देत असो.

शाळेच्या जेवणघरात आज दोनशे खुर्च्या मांडल्या
तरी माणसं भिंतींना टेकून उभी.
बाहेर उणे एकोणीस. दारात
बुटांखालच्या बर्फाचं डबकं झालंय.
ते ओलांडून आत येणारा प्रत्येकजण
आधी नकाशाकडे पाहतो,
मग शेजाऱ्याकडे पाहायचं टाळतो.

नकाशावर नवी लाल रेष :
मेपल रस्त्याने खाली, धान्याच्या कोठारांना वळसा,
रुळांपाशी उगाच एक कोपरा काढून
पुन्हा सरळ.
"तो कोपरा कुणासाठी?" मागून कुणीतरी विचारतं.
बोर्डाचे सात जण
पाण्याच्या बाटल्यांची झाकणं फिरवतात.

ब्रेंट लिंडक्विस्ट बसबद्दल बोलले.
बसची वेळ, बसचा धूर, अंधारात कुडकुडणारी पोरं.
अडीच मिनिटं त्यांची बस चालली
आणि पिवळा दिवा लागल्यावर
त्यातून हळूच घराची किंमत उतरली.

त्यांच्यानंतर होदान वारसामे,
टर्कीच्या कारखान्यातून थेट, अंगावर रात्रपाळीचा कोट.
"सगळे म्हणतायत तिकडची मुलं, तिकडची मुलं.
मी तिकडच्या तिघांची आई.
मधलीला अजून आठाचा पाढा येत नाही.
भीती त्याची असेल तर सांगा,
घरी करून घेते."
कुणीतरी हसलं, आणि एकटंच पडलं.
एक मिनिट चाळीस सेकंद राखून ती खाली बसली.
उरलेला वेळ कुणाच्या खात्यात टाकायचा
याचा नियम नाही.

मार्नी ओल्सव्हिक रडली.
हे घर त्यांनी स्वयंपाकघर न बघता घेतलं, फक्त शाळेसाठी.
तिच्या पोरीला नवं दार दिसलं की उलटी होते,
या दारातून आत जायला तिला दोन वर्षं लागली.
ती खोटं बोलत नव्हती.
मी लाल दिवा लावला. लावावाच लागतो.

मग चोंग नेंग थाओ. टोपी हातात.
दुभाषी म्हणून पाचवीतली नात.
भाषांतराचा वेळही तीन मिनिटांतच धरावा,
असं माझ्यासमोरच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय.
मी बटण दाबलं नाही.
"आजोबा विचारतायत, ही रेष केवढी जाड आहे?"
नकाशावाला तरुण गडबडला,
मोबाइलवर गुणाकार केला :
"साधारण... नव्वद फूट."
म्हातारा बराच वेळ बोलला. नात थोडंच बोलली :
"मग आमचं घर रेषेच्या आत आहे.
आत राहणारे कुणाचे?"

एकोणतीस वर्षं मी या खुर्चीत वेळ मोजतेय.
गप्प बसण्याचा वेळ मोजायला
मला कुणी दिवा दिलेला नाही.
"पत्ता लिहून द्या," तरुण म्हणाला, "तपासून कळवू."
पोरीने तो आजोबांना सांगितला नाही.
तिनेच पेन मागून घेतलं.

चार विरुद्ध तीन. रेष मंजूर. कोपऱ्यासकट.

घरी जाताना मेपल रस्त्यावर
बर्फ सारणारी गाडी माझ्या पुढे होती.
तिरका फाळ टाकून ती सगळा ढीग
एकाच बाजूच्या दारांपुढे लोटत चालली होती.
माझं घर दुसऱ्या बाजूला.
हे मी सभेत बोलले नाही,
कुणी विचारलंही नाही.
सकाळी दोन्हीकडची माणसं फावडी घेऊन बाहेर पडतील.
एकीकडची जरा लवकर.